घड्याळ कुठे ठेवता? (अनुभव धागा)

रोजची पावलं, महिन्याचे किलोमीटर, वर्षातले किल्ले. आकडा ठरलेला असला की माणूस पहाटे नेमाने उठतो, हे मी स्वतः अनुभवते. पण बाहेर पडल्यावर समोर जे असतं ते बघायला मन मोकळं राहतं का? तुम्ही ते कसं राखता, ते इथे लिहा. सल्ले नकोत, स्वतः काय करता ते सांगा. सुरुवात मी करते.

मी साताऱ्याची. अर्धमॅरेथॉन पळते, म्हणजे 21.1 किलोमीटर, आणि वेळ कमी व्हावी अशी मनापासून इच्छा आहे. मंगळवारी सपाट रस्त्यावर वेगाचा सराव असतो. तेव्हा घड्याळ मनगटावर आणि सेकंदांचा चोख हिशेब. रविवारी यवतेश्वरच्या घाटात लांब पल्ला असतो, तेव्हा तेच घड्याळ खिशात. चढावर वेग मंदावणारच, तिथे आकड्यापेक्षा श्वासाला विचारलेलं बरं. शेजारच्या मैत्रिणीशी अख्खं वाक्य बोलता येतंय ना, मग वेग बरोबर. श्रावणात घाटात ढग उतरतात, दरडीवरून पाणी वाहत असतं, कडेला तेरडा फुललेला, आणि खालचं शहर दिसेनासं होतं. नोंद घड्याळ करतच असतं, ती मी घरी येऊन आंघोळ झाल्यावर बघते. मंगळवारची शिस्त नसती तर रविवारी तो चढ एवढ्या सुखाने चढताच आला नसता, म्हणून मला दोन्ही हवेत.

पुण्याहून, वारीला जाणारी:
ताई, आमच्याकडे हा प्रश्न पालखीच सोडवते. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, मुक्काम आधीच ठरलेले, आषाढी एकादशीला पोहोचायचंच. उद्या किती चालायचं हे ठरवायचं आपल्याकडे नाहीच. आपण दिंडीत टाळ धरायचा आणि अभंगाबरोबर पाऊल टाकायचं. दिवे घाटात पाय भरून येतात, पण पुढच्या-मागच्या दिंड्यांचा आवाज एकमेकांत मिसळतो तेव्हा अजून किती राहिलं असं कुणी विचारत नाही.

गाणं शिकणारी, कोल्हापूर:
आजी जप करायची. 108 मणी, मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ फिरवायची. मोजायचं काम बोटांचं, मन नामात. मी खर्जाच्या रियाजाला तेच करते. गजर लावून फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. तो वाजेपर्यंत फक्त तानपुरा आणि षड्ज.

मधुमेह असलेला, नागपूर:
मला मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. पण एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, हे समजल्यापासून ताटासमोर बसून धास्तावणं थांबलं. साखर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच बघतो. (इन्सुलिन घेणाऱ्यांना वरचेवर बघावी लागते, त्यांनी माझं ऐकू नये.) रोजच्या 10,000 पावलांचंही तसंच. 1965 साली जपानमध्ये यामासा कंपनीने विकायला काढलेल्या पाऊलमापकामुळे तो आकडा रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नाही. आता संध्याकाळी बायकोबरोबर अंबाझरी तलावाकाठी चालतो आणि गप्पा संपल्या की परततो.

पक्षी बघणारा, गोवा:
मला थोडं वेगळं म्हणायचंय. मोजल्यामुळे माझं लक्ष उडत नाही, उलट बसतं. करमळीच्या तळ्यावर अडई बदकांचा थवा नुसता बघितला तर छान वाटतं आणि माणूस पुढे जातो. मोजायला घेतला की एकेका पक्ष्यावर नजर थांबते. कोण झोपलंय, कोण पंख साफ करतंय, मधेच एखादा वेगळाच बदक दडलेला सापडतो. ती संख्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जाते आणि पुढे अभ्यासकांना उपयोगी पडते. मी टाळतो ते एवढंच, की वर्षात किती जाती बघितल्या याची दुसऱ्याशी चढाओढ. त्या नादात लोक करमळीहून दहा मिनिटांत निघतात, नवीन काही नाही म्हणून. मला तिथल्या रोजच्याच कमळपक्ष्यासमोर तासभर बसायला आवडतं.

हे शेवटचं वाचून माझ्या विचारात भर पडली. मोजायचं काय, त्यावरही बरंच ठरतं तर. किल्ले मोजणाऱ्यांपैकी अजून कुणी लिहिलं नाही. साल्हेर 1,567 मीटर, राज्यातला सर्वात उंच किल्ला. तो यादीत धरून चढलेले इथे नक्की असतील. माथ्यावर किती वेळ बसलात आणि काय बघितलंत, तेही लिहा.