मदत हवी आहे: बंदरावरची कुत्री घरी आणली, नावाने हाक मारली तर बघत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही दापोली तालुक्यात, हर्णैजवळ राहतो. बंदरावर मासळीचा लिलाव होतो तिथे फिरणारी एक गावठी कुत्री आम्ही घरी आणली आहे. वय साधारण दीड वर्ष, रंग तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव ठेवलं टिकली. रेबीजची लस झाली, नसबंदीही करून घेतली. स्वभावाने अतिशय गुणी. घरात सगळ्यांचा तिच्यावर जीव जडला आहे.

अडचण एवढीच की 'टिकली' म्हटल्यावर तिची मान वळत नाही. बंदरावर तिला नाव नव्हतंच. बोलवायचं तर 'यू यू', हाकलायचं तर 'हाड'. आजही 'यू यू' म्हटलं की धावत येते, पण तिच्याबरोबर वाडीतली सगळीच कुत्री धावत येतात.

मला याची घाई का, तेही सांगते. आमच्या आवाराला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण आहे आणि ही दिवसभर त्याच्या फटींत नाक खुपसत असते. इकडे फुरशी, ते छोटे विषारी साप, किती, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत नेली तर जाळ्यातून काढून टाकलेले केंड, ते फुगणारे विषारी मासे, पडलेले असतात. त्यांचं विष शिजवूनसुद्धा जात नाही, तोंडात धरला तर जिवावरच बेतायचं. शिवाय तिन्हीसांजेला बिबट्याची भीती. अशा वेळी माझ्या एका हाकेला तिने मागे वळावं, एवढीच इच्छा आहे.

बिस्किटाला ती तोंड लावत नाही, मासळीवरच वाढलेली. सुकट (वाळवलेला जवळा, बारीक कोळंबी) दिली तर चालेल का? आणि एवढ्या मोठ्या कुत्रीला नवीन नाव लागतं का?

*

माडाखाली

लागतं, वयाची काळजी करू नका. 'यू यू'ला येते म्हणजे कानही शाबूत आहेत. तेच 'यू यू' तुमच्या कामाला येईल.

आधी 'टिकली' म्हणा, एकदाच, हसऱ्या आवाजात. क्षणभर थांबून 'यू यू'. ती बघेल. बघितल्याबरोबर 'शाब्बास' आणि तोंडात खाऊ. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. 'यू यू' आधी आलं तर पुढचं नाव ऐकायची तिला गरजच उरत नाही. नाव आधी आलं तर थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात येतं की या आवाजामागून 'यू यू' येणार, आणि ती नावालाच मान वळवायला लागते. तसं दिसलं की 'यू यू' गाळत चला.

सुरुवात माजघरात करा, दुपारी घर शांत असताना आणि तिच्या जेवणाआधी. पाच-सात हाका झाल्या की थांबायचं, तिला अजून हवंसं वाटत असतानाच. बघितलं नाही तर 'टिकली, टिकली, टिकली' असा जप नको. त्याने नाव म्हणजे नुसता आवाज होऊन बसतो, पावसात पत्रा वाजतो तसा. त्यापेक्षा तिच्या जवळ जा आणि पुन्हा सोपं करून घ्या. माजघरात जमलं की पडवी, मग अंगण, मग पाखाडीची दगडी वाट. पुळण सगळ्यात शेवटी, तीही लांब दोरी लावून. दोरी ओढण्यासाठी नाही, ती निसटू नये म्हणून.

खाऊ म्हणाल तर उकडलेली बिनमिठाची कोंबडी, करंगळीच्या नखाएवढे तुकडे. मासळी तिला रोजचीच, कोंबडीचं अप्रूप वाटेल. खारवलेली मासळी नको, त्यात मीठ फार. नुसता उन्हात वाळवलेला जवळा धुऊन चिमूटभर दिला तर हरकत नाही.

*

खाडीपलीकडे

वरचं सगळं पटलं. एक भर घालतो. नाव घेऊन रागवायचं नाही, कधीच नाही. आंघोळ, औषध, गोचीड काढणं यासाठी हाक मारून बोलावू नका, उठून तिच्यापाशी जा. नावामागून नेहमी चांगलंच काही आलं पाहिजे.

*

धागाकर्ती

मनापासून आभार, दोघांचेही! 'यू यू'चा असा उपयोग होईल हे सुचलंच नसतं. अजून दोन शंका. आई तिला 'टिकले' म्हणते आणि मुलं 'टिकू'. सगळ्यांनी एकच म्हणायला हवं का? आणि नाव पक्कं झालं की गडग्यापाशी मोकळी सोडू का?

*

माडाखाली

शिकते आहे तोवर सगळ्यांनी एकच म्हणा. आई 'टिकले' सोडणार नसतील तर घरभर 'टिकले' करा, तिला काय फरक पडतो! एकदा पक्कं झालं की लाडाची नावं खुशाल चालू द्या.

गडग्याचं मात्र हाकेवर सोपवू नका. फुरसं डिवचलं गेलं की डसायला हाक पोचण्याइतकाही वेळ घेत नाही. तिच्या वावरातल्या फटी बुजवून घ्या, कडेचं गवत कापा, तोवर ती दोरीवर. तुमच्या पशुवैद्यांना आजच विचारून ठेवा की सर्पदंशानंतर द्यायचं प्रतिविष त्यांच्याकडे असतं का, आणि नसेल तर सगळ्यात जवळ कुठे मिळेल. दंश झालाच तर चिरा देणं, आवळून बांधणं यात वेळ घालवायचा नाही. तिला चालू न देता उचलून थेट दवाखान्यात न्यायचं.