एमएस्सी झालंय, बी.एड. नाही. निवासी शाळेची टीचिंग फेलोशिप घेऊ का?

सातवी_गल्ली_राजारामपुरी
नमस्कार मंडळी. यंदा शिवाजी विद्यापीठातून फिजिक्समध्ये एमएस्सी झालो. साताऱ्याकडच्या एका खासगी निवासी शाळेत एक वर्षाची टीचिंग फेलोशिप मिळतेय, शाळेचं नाव सांगत नाही. महिन्याला १८ हजार, राहणं-जेवण फुकट, बी.एड. लागत नाही म्हणाले. सातवी-आठवीला सायन्स, संध्याकाळी ग्राउंड आणि आठवड्यातून तीन रात्री हॉस्टेल. घरात वातावरण तापलंय. पप्पा म्हणतात दुसऱ्याची पोरं झोपवायला एमएस्सी केलीस काय, गप बी.एड.ला अॅडमिशन घे. आईचं वेगळंच, तिथं थंडी फार असते. मला शिकवायला आवडतं, पण आवडतं म्हणजे काय तर गल्लीतल्या दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्यात, तेवढंच. कुणी केलंय का असलं? वर्ष वाया जातंय का?

पन्हाळ्याचं_धुकं
भावा, मी दोन वर्षं केलंय, दोन वेगवेगळ्या शाळांत, आणि दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक.

पहिल्या शाळेत माझ्या तासाला मागच्या बाकावर एक सिनियर मॅडम वही घेऊन बसायच्या. आठवीला प्रकाशाचं अपवर्तन होतं, मी वाटीत नाणं ठेवलं, पाणी ओतलं, लांबून नाणं दिसायला लागलं, पोरं खूश, मी त्याहून खूश. एकानं विचारलं, सर नाणं वर आलं म्हणजे खरंच हललं का? मी नाही रे म्हटलं आणि फळ्यावर आकृती काढायला वळलो. स्टाफरूममध्ये मॅडमनी वही पुढं केली. डावीकडं मी काय बोललो, उजवीकडं पोरं काय बोलली. डावी बाजू भरून चार पानं, उजवीकडं तो एकच प्रश्न, त्याला गोल केलेला. म्हणाल्या, तुझा तास इथं सुरू होत होता, तू तो इथंच संपवलास. लय लागलं मनाला, पण दुसऱ्या दिवशी वाटी परत घेऊन गेलो आणि निम्मा तास त्या नाण्यावरच घालवला.

दुसऱ्या शाळेत वर्षभरात एकदाही कुणी माझ्या वर्गात आलं नाही. कोण रजेवर गेलं की तिथं मी, रात्री हॉस्टेलला मी, स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मोजायलापण मीच. नाव फेलो, काम स्वस्तातल्या रेक्टरचं. म्हणून सांगतो, पगाराचं नंतर बघ, आधी विचार की माझा तास बघायला कोण बसणार, आठवड्यातून किती वेळा, आणि मला तास किती. उत्तर देताना आढेवेढे घेतले तर पप्पांचं ऐक.

टीईटीचा_अभिमन्यू
वरच्यांचं बरोबर आहे पण कागदाचं कुणी बोलेना. पहिली ते आठवीला शिकवायचं तर एनसीटीई म्हणजे शिक्षक शिक्षणाची जी केंद्रीय परिषद, तिच्या २०१० च्या नियमानं सहावी-सातवी-आठवीला पदवी, बी.एड. किंवा डी.एड. आणि वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागते, आणि हे खासगी विनाअनुदानित शाळांनासुद्धा लागू आहे. तेव्हा "बी.एड. लागत नाही" ह्याचा अर्थ नीट विचारून घे, तू मुख्य शिक्षक आहेस का दुसऱ्याचा मदतनीस, आणि ते पत्रात लिहून घे. दुसरं, बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय, फेलोशिप केलीस म्हणून त्यातला एक दिवस कमी होत नाही. उद्या सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरनं मास्तर व्हायचं असेल तर तिथं टीएआयटीचे, म्हणजे शिक्षक अभियोग्यता परीक्षेचे मार्क बघतात, हे सर्टिफिकेट नाही. मी तीन वेळा टीईटी दिलीय, ह्या विषयात माझी पीएचडी झाली समज.

रंकाळा_चौपाटी
हे फेलो प्रकरण मुळात तिकडचं. माझी मामेबहीण अमेरिकेत एका बोर्डिंग शाळेत आहे, कॉलेज संपल्या संपल्या लागली. तिकडं खासगी शाळांना बहुतेक राज्यांत सरकारी लायसन्स लागत नाही, त्यामुळं नव्या पोरांना घेतात आणि वर्ग, खेळ, वसतिगृह तिन्ही गळ्यात मारतात. तुझं वेळापत्रक डिट्टो तेच दिसतंय. टीच फॉर इंडियाशी गल्लत करू नकोस, ते २००९ पासूनचं, दोन वर्षांचं, गरीब वस्तीतल्या पोरांच्या शाळांत, आणि त्याला पुण्या-मुंबईकडं जावं लागतं.

एक सुचवू का, जायच्या आधी आपल्याच कोल्हापुरात सृजन आनंदला परवानगी काढून एक दिवस मागं बसून ये. लीलाताई पाटलांनी १९८५ ला काढलेली शाळा. तास बघायचा म्हणजे काय बघायचं हे तरी कळेल.

सातवी_गल्ली_राजारामपुरी
सगळ्यांना थँक्स. आज फोन केला. आठवड्याला १४ तास, मदतनीस म्हणून, वर्ग एका सरांच्या नावावर. तास कोण बघणार विचारलं तर म्हणाले तेच सर, आठवड्यातून दोनदा, पत्रात घालून देतो. हॉस्टेल मात्र तीन रात्रीच, त्यात सूट नाही. गुरुवारी डेमो लेसनला बोलावलंय. पप्पा अजून बोलत नाहीत, पण आईनं स्वेटर उन्हात टाकलाय.

पन्हाळ्याचं_धुकं
वाटी स्टीलची ने, काचेची नको. काचेतनं नाणं आधीच दिसतं, माझा एकदा पोपट झालाय.