विंडोज टाकायला घेतलं, तर सेटअपला एसएसडीच दिसत नाही – मदत हवी आहे

लॅपटॉप ११ व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (फायली साठवणारी डिस्क), विंडोज ११. घेताना त्यात विंडोज नव्हतं, नंतर एका दुरुस्तीवाल्याकडून टाकून घेतलं होतं. गेल्या आठवड्यात घड्याळ सारखं मागे पडायला लागलं म्हणून मदरबोर्डवरची छोटी बॅटरी बदलून आणली. घरी येऊन चालू केला तर निळी स्क्रीन: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मग 'ऑटोमॅटिक रिपेअर'ची तयारी, गोल गोल फिरणारे ठिपके, आणि शेवटी 'दुरुस्त करता आलं नाही'. पुन्हा चालू केला की पुन्हा तेच. सेफ मोडही लागत नाही.

कमांड प्रॉम्प्ट उघडून 'बूटरेक' या बूट-दुरुस्तीच्या टूलची रिबिल्डबीसीडी (बूटची यादी नव्याने बनवणारी) कमांड चालवली. उत्तर आलं: सापडलेली विंडोज इन्स्टॉलेशन्स ०.

शेवटी दुसऱ्या कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला आणि विंडोज नव्यानेच टाकायला घेतलं. तर 'कुठे टाकायचं' या पानावर यादी रिकामी! शिफ्ट-एफ१० दाबून डिस्कपार्टमध्ये (डिस्कची यादी दाखवणाऱ्या टूलमध्ये) पाहिलं, तिथेही फक्त पेनड्राइव्ह. गंमत म्हणजे बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये) एसएसडी नावासकट, पूर्ण क्षमतेसकट दिसते.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, 'एसएसडी गेली, नवीन टाका'. मला ते पटत नाहीये. गेली असेल तर बायॉसला दिसते कशी? आत कामाच्या फायली आहेत आणि सगळ्यांचा बॅकअप नाही, त्यामुळे 'फॉरमॅट मारा' सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद

फॉरमॅट मारायचा म्हटलं तरी डिस्क दिसायला हवी ना! :) पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावून पाहिलात का?

धागाकर्ता

सगळी पोर्ट झाली. फरक शून्य.

प्रतिसाद

थांबा, पुन्हा विंडोज टाकायची गरजच नसावी. रिपेअरची निळी पानं त्या एसएसडीवरूनच लोड होतात, म्हणजे ती वाचली जातेय. माझा संशय व्हीएमडीवर आहे. ११ व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेलचा हा स्टोरेज कंट्रोलर बायॉसमध्ये मुळातच चालू असतो, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये नसला की डिस्क गायब. विंडोज टाकणाऱ्याने तेव्हा तो बंद करून काम उरकलं असणार. बॅटरी काढल्यावर बायॉसची सेटिंग्ज मूळपदावर गेली, व्हीएमडी परत चालू झाला, आणि त्याच्याशिवाय टाकलेल्या विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेना.

आधी फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की आहे का ते पाहा. असेल तर कागदावर उतरवा, बायॉस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. मग बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करा. काही कंपन्या तो पर्याय ॲडव्हान्स्ड पानात दडवतात, काही 'स्टोरेज' किंवा 'साटा मोड'खाली ठेवतात. सेव्ह करून पेनड्राइव्ह न लावता चालू करा.

चालू झालाच, तर दुसरं काही करण्याआधी फायली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. नाहीच झाला, तर पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टिम) टाकून 'ट्राय' पर्यायाने सुरू करा, इन्स्टॉल दाबू नका. लिनक्सला व्हीएमडीमागची डिस्क सहसा दिसते.

धागाकर्ता

बिटलॉकरचं डोक्यातच आलं नव्हतं. खात्यात की सापडली, उतरवून ठेवली. पण बायॉसमध्ये 'व्हीएमडी' असं कुठेच लिहिलेलं नाही. 'साटा मोड' आहे, तोही करडा, निवडता येत नाही.

प्रतिसाद

एसर आहे का? त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत 'मेन' पानावर कंट्रोल-एस दाबल्याशिवाय तो पर्याय दिसत नाही. दुसरी कंपनी असेल तर बायॉसचा सुपरवायझर पासवर्ड तात्पुरता लावून पाहा, काही ठिकाणी त्यानंतरच करडे पर्याय खुले होतात. मॉडेल नंबर द्या, म्हणजे नेमकं सांगता येईल.