‘फोटो साभार : इंटरनेट’ – हे इंटरनेट नावाचे गृहस्थ राहतात कुठे?

पाणथळ_प्रेमी
नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात काढलेला माझा रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा फोटो सध्या एका कृषी पर्यटन केंद्राच्या जाहिरातीत झळकतोय. केंद्र त्र्यंबक रस्त्याला, रोहित निफाड तालुक्यात, मधे अख्खं नाशिक. खाली ‘साभार : इंटरनेट’. फोन केला तर म्हणे, “अहो, तुमचीच प्रसिद्धी झाली की!” नाव नाही, गाव नाही, प्रसिद्धी कुणाची?

हौशी माणसाचा फोटो म्हणजे रानातली करवंदं, कुणीही तोडावीत, असा समज आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात हौशी आणि धंदेवाईक असा भेदच नाही. स्वतःसाठी फोटो काढला की काढणारा मालक. नोंदणी लागत नाही, आणि काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं हक्क राहतो. तेव्हा विचारा. बहुतेक वेळा आम्ही फुकटच देतो.

झणझणीत_नाशिककर
पाणथळ सरकारची, पक्षी कच्छचा, तुम्ही बटण दाबलंत. एवढा जीव असेल तर हार्डडिस्कमध्ये कुलूपबंद ठेवा. नेटवर टाकायचं, लाइक मोजायचे आणि कुणी घेतला की कायदा काढायचा! चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर माणसं जातात ती असे फिरणारे फोटो बघूनच.

पाणथळ_प्रेमी
पक्ष्यावर कोण हक्क सांगतंय? तुम्हीही जा, काढा, तो तुमचा. राहिलं बटण. ते दाबायला थंडीत पहाटे उठून निफाड गाठावं लागतं.

गुरुजी_सिन्नर
सगळ्यांना एकाच काठीनं हाकू नका. वर्गात शिकवताना चक्रवाक पक्ष्याचा फोटो दाखवला तर ती चोरी नव्हे. शिकवणं, समीक्षा, बातमी यांना कायद्यानंच वाट ठेवलीय. आणि ‘साभार इंटरनेट’ लिहिणारा दर वेळी लबाड नसतो. व्हॉट्सअॅपवरून फोटो गेला की कॅमेऱ्यानं नोंदवलेली माहिती गळून पडते. दहाव्या माणसाला मूळ मालक कळणार कसा?

पाणथळ_प्रेमी
वर्गाबद्दल वाद नाही गुरुजी. पण खोल्या विकणाऱ्यानं गूगल लेन्सवर एकदा शोधावं. नाहीच सापडला मालक, तर विकिमीडिया कॉमन्सवर नाव लिहून मोफत वापरता येणारे ढीगभर फोटो आहेत.

घरटं_दाखवणार_नाही
पैसा आणि नाव एवढंच धरून बसलात. माझी अडचण वेगळी आहे. विणीच्या हंगामात घरट्याचा फोटो टाकला तरी मी ठिकाण लिहीत नाही. कुणीतरी तो उचलतो, ओळखीची झाडं बघून खाली गावाचं नाव टाकतो, आणि रविवारी तिथे गाड्या. फांद्या बाजूला सारतात, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढतात. त्या धावपळीत आई घरटं सोडून गेली तर अंडी गार पडतात. परवानगी मागायला आलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत सांगता येतं. न विचारता नेणाऱ्याला कसं सांगणार? यापायी आता मी घरट्याचे फोटो टाकणंच बंद केलंय.

झणझणीत_नाशिककर
हे पटलं. घरट्यापुरतं.

तिवंध्याची_लेक
मग माणसांचं काय? रंगपंचमीला नाशिकच्या तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारणाऱ्यांचे फोटो तुम्हीच हौशी मंडळी काढता. माझ्या भावाचा उघडा, रंगात बुचकळलेला फोटो एका प्रदर्शनात लागला, त्याला पत्ताच नाही. विचारलं तर उत्तर : ‘सार्वजनिक जागा होती.’ रोहितासाठी परवानगी हवी आणि माणसासाठी नको? 2027च्या सिंहस्थात तर रामकुंडावर स्नान करणाऱ्या बायकांसमोर कॅमेऱ्यांची रांग लागेल. आधी तिथला नियम ठरवा.

काळा_कोट_सीबीएस
मूळ प्रश्नापुरतं सांगतो. फोटो संकेतस्थळावर असेल तर लेखी तक्रार करा. 2013च्या नियमांप्रमाणे 36 तासांत तो दिसेनासा करायचा असतो. पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाहीत तर पुन्हा लावायची मुभा. एका फोटोसाठी कोर्टाची पायरी चढणारे विरळाच, हे उचलणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

झणझणीत_नाशिककर
त्यापेक्षा कोपऱ्यात नाव टाकायचं ना मोठ्या अक्षरात!

पाणथळ_प्रेमी
टाकलं होतं. जाहिरातीत तेवढाच कोपरा कापलाय.

तिवंध्याची_लेक
आणि माझ्या प्रश्नाचं?