एकनळी बंदुकीला ४५-७० घेऊ की ४५० बुशमास्टर?

शिरपूरचा_पोऱ्या
राम राम मंडळी. मी मूळ शिरपूर तालुक्यातला, अनेरकाठचं गाव. अकरा वर्षं झाली ओहायोत आहे, ग्रीन कार्ड झालंय, हंटर एज्युकेशनचा कोर्सही केलाय आणि यंदा पहिल्यांदाच स्वतःचं लायसन काढून हरणासाठी बसणार आहे. शेजारच्या शेतकऱ्यानं लेखी परवानगी दिलीय. मका-सोयाबीनचं रान, बांधाला झाडी, सगळ्यात लांबचा नेम घ्यायचा झाला तरी १५० यार्ड, एरवी ६०-७० च.

बंदूक एकनळीच घ्यायची, मधून मोडणारी, एक काडतूस घातलं की मिटलं, हे पक्कं आहे. आमच्या आबांकडे पीक संरक्षणाच्या लायसनची बारा बोर सिंगल नळी होती, मी लहानपणी तिला तेल लावायचो आणि आबा सांगायचे की एकच बार आहे हे माहीत असलं की माणूस नीट बघून चाप ओढतो. ते डोक्यात बसलंय.

इथे रायफल वापरायची तर सरळ भिंतीच्या केसचं (म्हणजे पितळी नळकांड्याचं) काडतूस लागतं, कॅलिबर म्हणजे व्यास ०.३५७ ते ०.५० इंचाच्या दरम्यान. दुकानदारानं तीन नावं दिली, ४५-७०, ४५० बुशमास्टर आणि ४४४ मार्लिन. माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता, आता बरा आहे पण धक्क्याची भीती वाटते. वापरलेल्या लोकांनी खरं सांगा.

टेक्सास_व्हाया_अमळनेर
कसा शे भो! शिरपूरना माणूस ओहायोमा हरणले बसस, वाचीसन गह्यरं भारी वाटनं.

आता मुद्द्याचं. मी ४५-७० ची एकनळी सहा वर्षं वापरतोय, इथे रानडुकरं फार आहेत, शेतंच्या शेतं नांगरून ठेवतात, आपल्याकडे चोपडा-यावलकडे करतात तशीच. माझं मत सरळ ४५-७० ला. कारण रिम. काडतुसाच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते ना ती रिम, बारा बोरच्या काडतुसाला असते तशीच, ती नळीच्या तोंडाशी अडकून बसते आणि बंदूक मोडली की एक्स्ट्रॅक्टर त्याच कडेला धरून केस वर उचलतो, यात बिघडण्यासारखं काही नाहीच. ४५० बुशमास्टरला अशी बाहेर आलेली कड नाही कारण ते मुळात मॅगझिनमधून भरायच्या एआर-१५ रायफलसाठी काढलेलं काडतूस आहे, त्यामुळे मोडणाऱ्या बंदुकीत एक्स्ट्रॅक्टरला स्प्रिंगची छोटी पकड द्यावी लागते, ती केसच्या खाचेत घुसते. नवीन असताना छान चालतं, पण त्या पकडीत घाण बसली की केस नळीत राहते आणि मग काठी घालून काढत बसा.

४४४ मार्लिन १९६४ चं, चांगलं आणि वेगवान आहे, रिमपण आहे, पण दुकानात त्याचे प्रकार फार कमी मिळतात. पहिल्याच बंदुकीला ती कटकट नको.

धुळे_कोलंबस
वरच्या भाऊंशी अर्धा सहमत. मी ओहायोतच आहे आणि माझ्याकडे ४५० बुशमास्टरची एकनळी आहे, चार सीझन झाले, केस एकदाही अडकली नाही. पकड पुसून ठेवली की झालं.

खरा फरक गोळी किती खाली पडते यात आहे. ४५० ची २५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळी-दारूच्या वजनाचं बारीक माप) गोळी साधारण २२०० फूट प्रतिसेकंदानं निघते. १०० यार्डाला नेम बसवला तर १५० ला ती तीन इंचाच्या आसपास खाली येते, हरणाच्या छातीवर हे चालून जातं. ४५-७० ची जुनी पद्धतीची ४०५ ग्रेनची गोळी १३३० नं निघते, ती १५० ला आठ-नऊ इंच खाली आणि २०० ला चक्क दोन फूट. आमच्याकडे गन वीक, म्हणजे बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा आठवडा, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो, उजाडायच्या सुमाराला बोटं गोठलेली असतात, अशा वेळी हे १३० यार्ड आहेत की १५० याचा हिशेब कोण करणार.

एक खबरदारी मात्र घे. ४५० ची गोळी ०.४५२ इंचाची, म्हणजे ४५ कोल्टसारख्या पिस्तुलाच्या गोळ्या त्यात बसतात आणि लोक स्वस्तात मिळतात म्हणून भरतात. पिस्तुलाच्या वेगासाठी केलेली पातळ जॅकेटची (वरच्या धातूच्या आवरणाची) गोळी २२०० च्या वेगानं गेली तर वरवरच फुटू शकते, जनावर जखमी होऊन पळतं आणि तू रात्रभर बॅटरी घेऊन रक्त शोधत फिरतोस. या वेगासाठीच बनवलेली गोळी घे.

आणि हा धागा वाचणाऱ्या एच-१बी वाल्या पोरांसाठी, तुम्हाला एरवी बंदूक बाळगता येत नाही, वैध हंटिंग लायसन असेल तरच सवलत आहे. आधी ते काढा मगच दुकानात पाय ठेवा.

वरणगाव_निवृत्त
मी फॅक्टरीत काडतुसाच्या लाईनवर नोकरी केली, शिकारीतलं मला कळत नाही, पण पितळ आणि दाब कळतो म्हणून लिहितो.

४५-७० हे १८७३ चं. अमेरिकन लष्कराचं, ४५ कॅलिबर आणि ७० ग्रेन काळी दारू म्हणून ते नाव. तेव्हाची ट्रॅपडोर रायफल एकबारीच होती, म्हणजे हे काडतूस जन्मापासून एकनळीचंच. त्या जुन्या रायफली अजून वापरात आहेत म्हणून त्याच्या दाबाची कमाल मर्यादा आजही २८,००० पीएसआय ठेवली आहे. ४५० बुशमास्टर ३८,५०० ला जातं. आपली बारा बोर ११,५०० च्या घरात असते, म्हणजे फरक बघ. आता गंमत नाही, धोका सांगतो, काही कंपन्या ४५-७० च्याच केसमध्ये भारी लोड (दारू-गोळीचा भरणा) भरून विकतात आणि खोक्यावर लिहितात की हे जुन्या ट्रॅपडोरसाठी नाही. केस तीच, आत मात्र वेगळंच काम. तेव्हा खोकं वाचल्याशिवाय आणि बंदुकीच्या पुस्तिकेत काय चालतं ते बघितल्याशिवाय एकही काडतूस घालू नको.

खांद्याचं म्हणशील तर मी वहीवर हिशेब केला. सात पौंडाची बंदूक धरली. ४०५ ग्रेन, १३३० चा लोड साधारण २१ फूट-पौंड धक्का देतो. ४५० चा २५० ग्रेनवाला २३ च्या आसपास. आणि ४५-७० चाच ३२५ ग्रेन, २०५० वाला लोड ३५ ला जातो. म्हणजे नाव एकच पण मंद आणि भारी लोडमध्ये दीडपटीहून जास्त फरक. आबांच्या बारा बोरचा साधा छऱ्याचा बार २२-२३ चा धर, तो कधी उडवला असशील तर अंदाज येईल. एकनळीत गॅसचं, स्प्रिंगचं काही नसतं, सगळा धक्का थेट दस्त्यातून खांद्यावर येतो, त्यामुळे या आकड्यांना मान दे. त्या लष्करानंसुद्धा घोडदळाच्या हलक्या कार्बाइनला ७० ऐवजी ५५ ग्रेन दारूचं काडतूस दिलं होतं, धटिंगण जवानांना दिलं होतं बरं का.

केळीवाला_रावेर
वाचून एक विचारावंसं वाटलं. आमच्या केळीच्या बागेत डुकरं रोप उपटून टाकतात, पण इथे १९७२ च्या कायद्यामुळे वनखात्याची परवानगी असल्याशिवाय बंदूक लावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, सातपुड्यात एक काळ असा होता की साहेब लोकांनी वाघ मोजून मारले, आता पावलाचा ठसा दिसला तरी पेपरात बातमी येते. तिकडे हरणं मारून संपत नाहीत का?

शिरपूरचा_पोऱ्या
रावेरच्या दादा, प्रश्न रास्त आहे. इथे हरणं इतकी आहेत की गाडीला रोज धडकतात, आणि प्रत्येक हरणामागे परमिट लागतं, कुठल्या काउंटीत किती मारता येतील ते खातं ठरवतं, मारलं की नोंद करावी लागते. मांस घरात खाणार आहे, डोकं भिंतीवर लावायचं नाही.

काका, वहीतला हिशेब मी तीनदा वाचला. दुकानदार मला तो ३२५ ग्रेनचाच खोका दाखवत होता, सगळ्यात जास्त खपतो म्हणे. मला वाटायचं ४५-७० म्हणजे एकच धक्का. मग असं ठरवतोय की ४५-७० च घ्यायची, मंद लोड, आणि १०० यार्डाच्या पुढे चाप ओढायचाच नाही, लांबचं हरीण गेलं तर गेलं. कोलंबसच्या भाऊंचं गोळी पडायचं गणित पटतं पण मी १५० ची हौसच सोडली तर तो प्रश्न उरत नाही.

धुळे_कोलंबस
१०० ची मर्यादा खरंच पाळणार असशील तर ४५-७० ला माझी काही हरकत नाही. हरणाला ४०५ च पाहिजे असंही नाही, ३०० ग्रेनची नरम टोकाची गोळी बघ, हलकी आहे आणि बऱ्यापैकी सपाट जाते. फक्त तिचा वेग बघून काकांसारखा हिशेब कर, काही ३०० वाले लोडपण जोरात असतात. बांधावर १०० यार्ड मोजून आधीच झाडाला फडकं बांध. रेंजवर यायचं असेल तर शनिवारी सकाळी ये, माझीपण उडवून बघ, दोन्ही एकापाठोपाठ खांद्याला लावल्या की तुझं तुलाच कळेल.

वरणगाव_निवृत्त
जाशील तेव्हा पहिल्या दिवशी दहाच्या वर काडतुसं उडवू नको. खांदा निखळलेला माणूस दुखायच्या आधीच अंग चोरायला लागतो आणि मग नेम डावीकडे-खाली जायला लागतो, आणि त्याला वाटतं बंदूकच खराब आहे. दस्त्याला चांगल्या जाडीचं रबर बसवून घे आणि मधेमधे नुसती रिकामी केस घालून चाप ओढ, माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) हलली की समज. काय होतं ते इथे लिही.

शिरपूरचा_पोऱ्या
शनिवारी सकाळी आठला निघतो. रबराचं आजच सांगून ठेवतो दुकानात.