घरबसल्या संग्रहालय दाखवायचंय, पण बाबा दहाव्या मिनिटाला चष्मा काढून ठेवतात. मदत हवी आहे

दुपारची_सावली

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विचारतेय. वय ७८, आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवायचे. मध्यंतरी घरातच पडले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. सध्या वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात, उरलेला दिवस खिडकीपाशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक फुली मारतात, डॉक्टरांनी दिलेली मुदत संपेपर्यंत. त्या फुल्या बघून मला कसंतरी होतं, म्हणून हा खटाटोप.

इतिहासाचं वेड त्यांना पहिल्यापासून. म्हटलं, बाहेर नेता येत नाही तर जगातली संग्रहालयं घरात आणू. लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि एका मोठ्या संग्रहालयाची ३६० अंशांतली फेरी सुरू केली. दोन मिनिटं मजा आली. मग बाण दाबला की आम्ही भिंतीत तोंड खुपसून उभे. मागे वळावं तर दालन भिंगरीसारखं फिरतं. पाट्या वाचायला जावं तर अक्षरं पुसट. एका जिन्यावर तीनदा वर-खाली झालं, तिथून सुटकाच होईना. शेवटी बाबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "अगं, मला गरगरतंय. आणि हे आपण बघतोय काय, फरशी?"

दुसऱ्या दिवशी एक तासाभराचा व्हिडिओ लावला. झोपले.

मला कळत नाहीये की चूक निवडीत आहे की बघण्याच्या पद्धतीत. वस्तू नीट जवळून दिसेल, माहिती वाचता येईल आणि डोकं फिरणार नाही असं काही आहे का? इंग्रजी मी वाचून दाखवू शकते, तो प्रश्न नाही. आमचं नेट मध्यम आहे. ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर असं काही केलंय त्यांनी कृपया सांगा. "जगातली सर्वोत्तम दहा संग्रहालयं" छापाच्या याद्या नकोत, त्या मी वाचून संपवल्यात.

नकाशाप्रेमी

फरशी वाचून हसलो, माफ करा. पण बाबांचं बरोबर आहे.

त्या फेऱ्या म्हणजे ठरावीक अंतरावर कॅमेरा ठेवून काढलेले गोल फोटो, एकाला एक जोडलेले. दोन फोटोंच्या मधे काहीच नसतं, त्यामुळे बाण दाबला की आपण चालत नाही, उडी मारतो. डोळे सांगतात हललो, कानातला तोल सांगतो खुर्चीतच बसलोय. गरगरणारच. आणि पाट्यांचं म्हणाल तर तो कॅमेरा दालन दिसावं म्हणून लावलेला असतो, पाटी वाचता यावी म्हणून नाही.

माझा सल्ला: दालन सोडा, वस्तू धरा. फेरीत किंवा कुठेही वस्तूचं नाव सापडलं की थेट त्या संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत जा. ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत ४५ लाखांच्या आसपास वस्तू आहेत. प्रत्येकीला नोंदणी क्रमांक असतो. रोझेटा शिळेचा (इजिप्तचा, तीन लिपींतला कोरीव लेख) आहे ईए २४. तेवढं टाकलं की शिळेचं माप, दगड कुठला, कुठे सापडली, लेखात काय आहे, सगळं एका पानावर. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने मार्च २०२१ मध्ये ४ लाख ८० हजारांहून जास्त नोंदी खुल्या केल्या. न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) संग्रहालयाने २०१७ मध्येच पावणेचार लाख प्रतिमा सगळ्यांना हव्या तशा वापरायला मोकळ्या केल्या होत्या, म्हणजे छापून भिंतीवर लावल्यात तरी कोणी विचारणार नाही.

मध्यम नेटची काळजी नको. मोठ्या प्रतिमांचे आधीच लहान लहान चौकोन पाडलेले असतात (फरशाच म्हणा), आणि तुम्ही ज्या कोपऱ्यात शिराल तिथलेच उतरतात. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'ची प्रतिमा जानेवारी २०२२ मध्ये ठेवली: ८,४३९ फोटो जोडलेले, ७१७ अब्ज पिक्सेल. १६४२ सालचं चित्र आहे. एखाद्याच्या डोळ्याच्या बाहुलीपर्यंत जा, रंगाच्या भेगा दिसतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्रिमितीय मॉडेलचं मात्र उलट, ते बहुतेक वेळा एकदम उतरतं. बाबांना बोलवायच्या आधी उघडून ठेवा, नाहीतर ते गोल फिरणारं चाक बघत बसावं लागेल.

माऊस त्यांच्या हातात द्या. दुसरा कोणी फिरवत असला की जास्त गरगरतं.

खडूस_वाचक

वरचं सगळं ठीक, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. पडद्यावर आकार मरतो. मोहेंजोदडोची नर्तकी शाळेपासून पुस्तकात बघत आलो, मला ती हातभर तरी असेल असं वाटायचं. आहे साडेदहा सेंटिमीटर. मुठीत मावेल. उलट 'नाइट वॉच' साधारण साडेतीन मीटर उंच आणि सव्वाचार मीटरच्या वर रुंद, म्हणजे बऱ्याच घरांत भिंतीवर चढणारच नाही. टीव्हीवर दोन्ही तेवढेच.

उपाय फुकटचा आहे. सूचीतलं माप वाचा, तेवढी कागदाची पट्टी कापा आणि बाबांच्या हातात द्या. मोठी वस्तू असेल तर दाराच्या चौकटीशी तुलना करा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं. वस्तू संग्रहालयात आली कशी, तो रकाना वाचायचाच. बाकीचा मजकूर अभ्यासकांनी लिहिलेला असतो, या रकान्यात मात्र घरचा हिशेब असतो. रोझेटा शिळा १७९९ मध्ये फ्रेंच सैनिकांना सापडली, फ्रेंच हरल्यावर इंग्रजांकडे गेली, १८०२ पासून लंडनमध्ये. तिच्या दोन कडांवर इंग्रजीत रंगवून ठेवलंय: एकीकडे ब्रिटिश सैन्याने १८०१ मध्ये इजिप्तमध्ये हस्तगत केली, दुसरीकडे तिसऱ्या जॉर्ज राजाने भेट दिली. म्हणजे दगडावर चौथा लेखही आहे म्हणायचं. काचेसमोर गर्दीत उभे राहणारे समोरच्या तीन लिपींचे फोटो काढतात आणि निघतात. त्रिमितीय मॉडेल २०१७ पासून नेटवर आहे, ते हाताने वळवा, कडेकडून बघा.

बाकी खरं संग्रहालय ते खरं. पडदा म्हणजे दुधाची तहान ताकावर.

पानाआड

ताई, तुमच्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तुम्ही पहिल्याच ओळीत सांगून सोडून दिलात. कंपोझिटर!

चाळीसेक वर्षं उलटी अक्षरं सुलटी वाचलेल्या माणसाला तुम्ही संगमरवरी पुतळे कशाला दाखवताय? त्यांना छपाई दाखवा. तिथे ते तुम्हाला माहिती सांगतील, तुम्ही ऐका.

सुरुवात गुटेनबर्गच्या बायबलपासून करा. माइंत्स शहर, साधारण १४५५, बहुतेक पानांवर ४२ ओळी. ग्योटिंगनच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातली चर्मपत्रावरची प्रत पानन् पान बघता येते. काही सांगू नका, नुसतं पान उघडा आणि विचारा, "जुळारी (खिळे जुळवणारा) कसा होता?"

मग मागे जा. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेलं वज्रसूत्र हा बौद्ध ग्रंथ, इसवी सन ८६८. लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली, पाच मीटरहून लांब गुंडाळी. छापल्याची तारीख असलेलं, पूर्ण शाबूत राहिलेलं हे सगळ्यात जुनं पुस्तक. सध्या ब्रिटिश लायब्ररीत असतं. शेवटी लिहिलंय की वांग जिए नावाच्या माणसाने हे आपल्या आई-वडिलांच्या वतीने, सर्वांना फुकट वाटण्यासाठी करवून घेतलं. हे वाचून दाखवताना माझा स्वतःचा आवाज बसला होता, तुम्ही सांभाळा.

आणि अँटवर्पचं प्लांतिन-मोरेटुस संग्रहालय. छापखानाच आहे तो, जागच्या जागी ठेवलेला. जगातली सगळ्यात जुनी दोन छपाईयंत्रं तिथे आहेत. शिवाय चौदा हजारांच्या घरात लाकडी ठसे. तिथली खिळ्यांची केस, म्हणजे कप्प्यांची पेटी, दिसली की फेरीतली गरगर बाबा सहन करतील असा माझा अंदाज.

एका दिवशी एकच वस्तू. वीस मिनिटं फार झाली.

रानवाट

खडूस, ताकाबद्दल असहमत. काही ठिकाणी ताकाशिवाय दुसरं काही उरलेलंच नाही. फ्रान्समधली लास्कोची आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९६३ मध्ये लोकांसाठी बंद झाली, कारण बघणाऱ्यांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ धरू लागलं. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जळालं. आतली दालनं आगीच्या आधीच टिपलेली होती, म्हणून ती आजही पडद्यावर फिरता येतात. तिथे मी फरशीसुद्धा बघितली हो.

ताई, एक वस्तू माझ्याकडून. अपोलो ११ चं कोलंबिया हे यान. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे, पण आत कोणाला बसू देत नाहीत. २०१६ मध्ये त्याचं आतून-बाहेरून स्कॅनिंग केलं तेव्हा आतल्या भिंतींवर अंतराळवीरांनी हाताने लिहिलेल्या नोंदी नीट समोर आल्या. आकडे, गणितं, आणि एका कप्प्यावर चक्क सूचना की यात वास येणारा कचरा आहे. ते मॉडेल ब्राउझरमध्ये उघडतं. त्यात कॅलेंडर शोधा, एवढंच सांगतो.

दुपारची_सावली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण आम्ही कामात होतो!

पानाआड, तुमचं ऐकून गुटेनबर्गचं पान उघडलं आणि गप्प बसले. बाबा पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग खुर्ची पुढे घ्यायला सांगितली. "जोडाक्षरं आहेत गं यांच्यात!" खरंच, दोन-दोन अक्षरं एकाच खिळ्यावर ओतलेली, आणि शब्द आखूड करायच्या खुणा वेगळ्या. मग त्यांना दिसलं की ओळीच्या शेवटच्या संयोगरेषा स्तंभाच्या बाहेर काढल्यात, म्हणजे अक्षरांची कड सरळ राहते. "आम्ही असं केलं असतं तर मालकांनी गॅली (जुळवलेल्या मजकुराचं तबक) परत पाठवली असती. पण बघ, दिसतंय कसं!" त्या दिवशी वीस मिनिटांचा नियम मोडला, सव्वा तास झाला.

नाइट वॉचच्या दिवशी गंमत झाली. मी प्रतिमा मोठी करत होते, तेवढ्यात बाबा उठून वॉकर घेऊन टीव्हीपाशी गेले, खिशातून प्रूफ तपासायचं जुनं भिंग काढलं आणि पडद्याला लावलं. त्यांना रेम्ब्रांटच्या रंगाच्या भेगा बघायच्या होत्या. दिसले लाल, हिरवे, निळे ठिपके. माझ्याकडे वळून म्हणाले, "हाफटोन! अगं, इथेही ठिपकेच!" (छपाईत फोटो बारीक ठिपक्यांनी उमटवतात, तो हाफटोन.) आणि एवढे हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

(खडूस, पट्टीही कापली. साडेदहा सेंटिमीटरची ती पट्टी आता त्यांच्या डायरीत खूण म्हणून आहे. भिंतीवर साडेतीन मीटर मोजायला गेलो तर छत आडवं आलं.)

वज्रसूत्राची शेवटची ओळ मी वाचली नाही, त्यांनाच वाचायला दिली. त्याबद्दल एवढंच.

काल कोलंबिया उघडलं. रानवाट, तुम्ही मुद्दाम सांगितलं नव्हतं ना? शोधायला वेळ लागला, पण सापडलं: हाताने आखलेले चौकोन, मोहिमेचा एकेक दिवस, प्रत्येकावर फुली. फक्त परत पृथ्वीवर उतरायच्या दिवसावर नाही. बाबा बराच वेळ त्या मोकळ्या चौकोनाकडे बघत होते. म्हटलं, बाबा, शेवटची फुली राहिली बहुतेक. तर म्हणाले, "त्या दिवशी कोण पेन शोधत बसतंय?"

आता पुढची मदत हवी आहे. बाबांना खिळे ओतायचा हातसाचा आतून बघायचाय, म्हणजे शिसं ओततात तो लाकडी-लोखंडी, दोन भागांत उघडणारा. फोटो खूप मिळाले, पण सगळे बंद साच्याचे. उघडून फिरवता येईल असं त्रिमितीय मॉडेल कुठल्या संग्रहालयाने ठेवलंय का? मी शोधते तेव्हा काय शब्द टाकायचा तेही कळवा, मला प्लास्टिकच्या खेळण्यांचे साचे येताहेत.