मदत हवी आहे: बिअर्डेड ड्रॅगनला कॅल्शियमचं औषध पाजायचं कसं?

नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नला असतो. लेकीने पाळलेला सरडा, बिअर्डेड ड्रॅगन जातीचा मोती, दीड वर्षाचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याची बोटं थरथरताना दिसली, मग तो मागचे पाय ओढत चालायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कॅल्शियम कमी पडून हाडं कमकुवत झालीत, खालचा जबडाही मऊ लागतो.

चूक आमचीच. त्याच्या घरातली यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हासारखे अतिनील किरण देणारा दिवा, वर्षाहून जास्त काळ बदलली नव्हती. उजेड पडतोय म्हणजे ठीक आहे, असंच वाटायचं. पण उजेड जाण्याच्या कितीतरी आधीच यूव्हीबी घटतं, आणि त्याशिवाय अंगात व्हिटॅमिन डी३ तयार होत नाही, मग खाल्लेलं कॅल्शियम शोषलंच जात नाही. खिडकीतल्या उन्हाचाही उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. त्यात मी रोज कौतुकाने पालक चिरून घालायचे. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. हे कळल्यापासून जीव नुसता तुटतोय.

आता नवी ट्यूब लावलीय, पालक बंद केलाय, पडून हाड मोडू नये म्हणून उंच फांद्याही काढल्यात. डोस डॉक्टरांनी ठरवून दिलाय, तो मी बदलणार नाही. अडचण एवढीच की सिरिंज दिसली की मोती तोंड घट्ट मिटतो, आणि असल्या जबड्यावर जोर लावायला हात धजत नाही. नाकाच्या टोकावर थेंब ठेवून चाटवणं कुणाला जमलंय का? तुमच्याकडे चालणं सुधारायला किती दिवस लागले? कृपया अनुभव सांगा, लेक रोज रात्री विचारते.